बारावीनंतरचा प्रवेश: तयारी दहावीच्या सुट्टीतच सुरू करा

बारावीला उत्तम गुण मिळवूनही हव्या त्या कॉलेजला मुकलेली मुलं दरवर्षी भेटतात. त्यांच्याशी बोललं की कळतं, अभ्यास कमी पडलेला नव्हता. कोणाची जातवैधता वेळेत आली नाही, कोणी अकरावीलाच गणित सोडलं होतं, कोणाच्या घरात ठाऊकच नव्हतं की हव्या त्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म दिवाळीच्या आसपास भरायचा असतो. हे सगळं आधी माहीत असतं तर टळलं असतं, आणि म्हणूनच ते पाहताना फार वाईट वाटतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढणार आहे, त्या घराला हे सांगणारं शेजारीपाजारी कोणी नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. महाराष्ट्र राज्य मंडळातून दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे.

पहिलं काम: अकरावीचे विषय

दहावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा कॉलेजच्या नावाची होते. त्याआधी विषयांची व्हायला हवी. कॉलेज बदलता येतं, पण बारावीला न घेतलेला विषय नंतर मागे जाऊन घेता येत नाही.

सायन्सला जायचं ठरलं असेल तर खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा असतो. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे एमएचटी-सीईटीच्या (थोडक्यात सीईटी) पीसीएम गटावर लागते, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. आर्किटेक्चरला बारावीला गणित लागतं. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दलात किंवा नौदलात जायचं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही हवेत. भूदलासाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. वैद्यकीय शाखांसाठी जीवशास्त्राला पर्याय नाही. बी.फार्मसीला पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) दोन्ही गट चालतात, हे अनेकांना माहीत नसतं.

मुलाचं अजून ठरलेलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. बोजा वाढतो हे खरं, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं विचार करायला मिळतात. माझं मत विचाराल तर गणिताची भीती हे एकच कारण असेल तर गणित सोडू देऊ नका. आधी चांगला शिक्षक शोधा, सहा महिने पाहा. कॉमर्सच्या मुलांनाही हेच सांगेन. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, डेटाशी संबंधित पदव्या यांच्या दारावर बारावीचं गणित विचारलं जातं.

आर्ट्स घेणाऱ्या मुलांना घरून कमी लेखलं जातं, ते थांबवा. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डिझाइन, हॉटेल व्यवस्थापन, पत्रकारिता, समाजकार्य आणि केंद्रीय विद्यापीठांतले कितीतरी अभ्यासक्रम त्यांनाही खुले आहेत.

आणि अकरावी हा एकच रस्ता नाही. दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो पण दोन वर्षं पुस्तकात डोकं घालून बसणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग अकरावी-बारावीपेक्षा चांगला आहे असं मी ठामपणे सांगेन. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची चौकशी दहावीतच करा. तिथे दहावीनंतर दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतली जाते.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत. फॉर्ममध्ये दहा पसंती देता येतात. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज लागलं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. त्यामुळे पहिल्या जागी तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचं आहे. फी, एसटीची वेळ आणि हवे ते विषय तिथे आहेत का, हे आधी कॉलेजात जाऊन विचारा.

दुसरं काम: कागद

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं.

सुरुवात नावापासून करा. शाळेचा दाखला, दहावीचं गुणपत्रक, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक समोरासमोर ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद अक्षर न् अक्षर जुळते का पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असेपर्यंत त्यातल्या त्यात सोपी असते. शाळा सोडल्यावर ती फार जड जाते. म्हणून हे काम खरं तर नववीत, बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरकायचं.

मग दाखले. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात, आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन्ही तहसील कार्यालयाकडून मिळतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा जवळच्या सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात करायचा. डोमिसाइल एकदाच काढावं लागतं, तेव्हा ते दहावीच्या सुट्टीत काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळोवेळी नवा लागतो.

आरक्षित प्रवर्गातल्या मुलांसाठी तीन कागद वेगवेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. ती जात खरोखर तुमची आहे हे पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे जातवैधता, लोकांच्या बोलण्यातली ‘व्हॅलिडिटी’. तिसरा कागद नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब ‘क्रिमीलेअर’ या सुस्थितीतल्या गटात मोडत नाही असा दाखला. तो अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागतो.

यातली वैधता सर्वांत वेळखाऊ आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ती लागतेच. शासनाने काही वर्षी वैधता सादर करायला मुदतवाढ दिली, पण त्या भरवशावर बसू नका. मुदतीत ती आली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि मुलाला खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. अकरावी सुरू झाली की पहिल्याच सहामाहीत कॉलेजमार्फत अर्ज करा.

अर्जाला लागतो पुरावा, आणि तो शोधण्यातच महिने जातात. समिती विचारते की तुमच्या वडिलांकडच्या पूर्वजांची जात ठराविक तारखेआधीच्या कागदावर काय लिहिली आहे आणि ते तेव्हा महाराष्ट्रात राहत होते का. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे शोध आजोबा-पणजोबांचा घ्यायचा.

कुठे सापडतं? आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तिथल्या रजिस्टरमधून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. कोणी शिकलेलंच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती पाहायची. जुने सातबारा, फेरफार आणि खरेदीखतंही उपयोगी पडतात. चुलत आजी-आजोबांपैकी कोणी हयात असतील तर त्यांच्याकडून वंशावळ आताच लिहून घ्या, कोणाचं नाव कागदावर काय लावलं होतं हेही विचारा. घरच्या नावात आणि शाळेच्या नावात फरक असतो, आणि तोच पुढे प्रतिज्ञापत्राचा विषय होतो. वडील, काका, आत्या किंवा सख्खं भावंड यांच्यापैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ती प्रत जोडा. काम बरंच हलकं होतं. आईकडची वैधता मात्र सहसा चालत नाही.

नॉन-क्रिमीलेअरवर मुदत लिहिलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वर्षी पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं प्रमाणपत्र लागतं. २०२७ च्या जूनमध्ये प्रवेश घ्यायचा तर त्यावर ३१ मार्च २०२८ पर्यंतची मुदत हवी. म्हणजे खूप आधी काढून ठेवायची घाई इथे उपयोगाची नाही, तारीख मोजूनच काढा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखलाही त्या-त्या आर्थिक वर्षाचाच असतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातला दाखला लागतो, तर जेईई (आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांची इंजिनिअरिंगची परीक्षा) किंवा नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) अखिल भारतीय कोट्याला केंद्राच्या नमुन्यातला. ओबीसी असाल तर दोन्ही काढा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही पाहून घ्या. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्राच्या संस्थांत तो चालत नाही.

तिसरं काम: परीक्षांचं वर्ष भिंतीवर लावा

सगळ्या परीक्षा बारावीनंतर होतात हा समज मोडायला हवा. बारावीच्या वर्षाचं एक मोठं कॅलेंडर घ्या आणि मुलासोबत बसून त्यावर लिहा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट डिसेंबरमध्येच होते, म्हणजे फॉर्म दिवाळीच्या आधी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं याच परीक्षेतून भरतात. आयआयटीतल्या डिझाइनची यूसीड जानेवारीत असते आणि फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास निघतो. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, दुसरं एप्रिलमध्ये. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. ज्या मुलांना हे निकालानंतर कळतं, त्यांचं थेट एक वर्ष जातं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. त्याच काळात किंवा त्याच्या थोडं आधी नीट आणि सीयूईटीचे (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) फॉर्म निघतात. राज्याच्या सीईटी कक्षाचे फॉर्म तर हिवाळ्यातच सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट, त्यानंतर सीयूईटी. नीट, जेईई मेन आणि सीयूईटी तिन्ही मराठीतून देता येतात. पण जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे आयआयटीचं स्वप्न असेल तर अकरावीपासूनच इंग्रजीतून प्रश्न वाचायची सवय लावा.

बीबीए, बीसीए, बीएमएस करायचं असणाऱ्यांसाठी एक सूचना. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी लागू झाली. त्या वर्षी असंख्य मुलांना ते कळलंच नाही आणि शासनाला पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. आपल्याला हवं ते कॉलेज सीईटीतून भरतं की बारावीच्या गुणांवर, हे बारावीच्या डिसेंबरपर्यंत त्या कॉलेजात विचारून घ्या. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बारावीचे गुण पुरतात, पण काही स्वायत्त महाविद्यालयं स्वतःची परीक्षा घेतात.

अभ्यासाबद्दल थोडं

एमएचटी-सीईटीचा पाया राज्य मंडळाची पुस्तकं आहेत. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या ठराविक प्रकरणांवर आणि उरलेला बारावीवर असतो. पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा, संगणकावर. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि इतर विषयांना एक, म्हणजे पीसीएममध्ये निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये उलट आहे. तिथे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर एक वजा. सीईटीच्या सवयीने तिथे अंदाजे गोळे रंगवले की गुण हातचे जातात.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रात बसलेल्या शंभरातले नव्वद जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे निकालाच्या दिवशी कोणी विनाकारण हुरळतं, कोणी विनाकारण रडतं.

क्लासला लाखभर रुपये भरण्याआधी महाज्योतीची माहिती घ्या. ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब्लेटही देते. ‘कॉलेजात यायची गरज नाही, हजेरी आम्ही पाहतो’ असं सांगणाऱ्या इंटिग्रेटेड व्यवस्थेपासून मात्र मुलांना दूर ठेवा. प्रयोगशाळेत एकदाही न गेलेलं मूल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात फार एकटं पडतं.

चौथं काम: पैशाचा हिशेब मुलासमोर मांडा

फी किती झेपेल हे मुलाला बारावीच्या सुरुवातीलाच सांगा. यादी भरताना ऐनवेळी ‘हे आपल्याला परवडणार नाही’ असं ऐकणं त्याला जास्त लागतं. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार पाहता येते. त्यापलीकडे कोणी देणगी मागितली तर ती बेकायदेशीर आहे. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा राज्यात १९८७ पासून आहे.

मुलींच्या पालकांनी हे नीट वाचावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला किंवा अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळा धरा. मुलीला ‘जवळचं, स्वस्त’ काहीतरी घेऊन द्यायचं ठरवण्याआधी हा निर्णय घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

बाकीच्यांसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याची उत्पन्नमर्यादा २.५ लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या मुलांना स्वयम योजना आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं अकरावीतच उघडा आणि आधार जोडून घ्या.

पाचवं काम: कॅपची यादी

सीईटीचा निकाल लागला की कॅपची नोंदणी होते, कागद तपासले जातात, गुणवत्ता यादी लागते आणि मग पर्याय भरायचे असतात. हा पर्यायांचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या हाती सोपवू नका. पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

यादी भरण्याचा नियम एकच आहे: जे सर्वांत जास्त हवं ते सर्वांत वर. ‘तिथे कुठे लागणार’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. वरचा पर्याय लागला नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही, जागावाटप तुमच्या गुणवत्ता क्रमांकावरच होतं. त्यानंतर आपल्या क्रमांकाच्या आसपासची कॉलेजं भरपूर टाका आणि शेवटी हमखास लागतील अशी काही. पण जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत अजिबात नको.

हा क्रम इतका महत्त्वाचा का, ते इंजिनिअरिंगच्या २०२५ च्या नियमांवरून कळेल. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक लागला तर, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक लागला तर तेच बंधन. चालू वर्षाची माहिती पुस्तिका उघडून हे नियम पुन्हा वाचा, ते दरवर्षी जसेच्या तसे राहतील असं धरू नका.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी वाचायला शिका. यादीत प्रत्येक प्रकारच्या जागेला एक कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची जागा. शेवटचं ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून आलेल्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. नांदेडच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजची ‘एच’ची ओळ पाहून आशा किंवा निराशा करून घेऊ नये. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागा आठवणीने भरा. तिथे शिक्षण शुल्क माफ असतं आणि त्याच शाखेला वेगळा चॉइस कोड असतो. तो न टाकल्यामुळे हक्काची जागा सुटलेली मुलं आहेत.

शाखा मोठी की कॉलेज, हा वाद दर घरात होतो. मी शाखेच्या बाजूने आहे, पण मुलाला ती शाखा खरंच आवडत असेल तरच. कॉम्प्युटरची लाट आहे म्हणून यंत्रात रमणाऱ्या मुलाला तिथे घालू नका. शक्य असेल तर यादीतल्या वरच्या दोन-तीन कॉलेजांना एकदा जाऊन या. प्रयोगशाळा कशा आहेत ते बघा, आणि तिसऱ्या वर्षातल्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून तास होतात का, हे विचारा.

जागा मिळाल्यावर

मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाची रंगीत स्कॅन प्रत आणि निदान पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. जमा केल्याची पोच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला एकदा दिला की सहजी परत मिळत नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढा, कारण नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक त्यावरच जमा होतात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी द्या.

आणि महाडीबीटीचा अर्ज पहिल्या सत्रात भरून तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का, हे शिष्यवृत्ती विभागात जाऊन स्वतः पाहा. अर्ज तिथेच महिनोन्महिने पडून राहतात. पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या जुलै-ऑगस्टच्या पानावर त्याची नोंद आताच करून ठेवा.